सवयीचे पंख

परीलोकांत पंख जन्मतः पाठीला चिकटलेले असतात. दुधाचे दात पडावेत तसे ते वयात येताना सुटे होतात आणि पुढे जन्मभर बंदांनी खांद्याला बांधावे लागतात. सुटे झाले की मळतात, आणि मळले की कुणाला तरी ते धुवावे लागतात. हे काम ज्यांच्याकडे होते त्यांना सारे गाव इस्त्रीवाले काका म्हणत असे.

काका पंख कोमट पाण्यात भिजवत, सावलीत वाळवत, पातळ खळ देत आणि वर ओली मलमल पसरून इस्त्री फिरवत. इस्त्रीच्या टोकाने पंखाची एकेक शीर ते अशी उठवत, की गिऱ्हाईक उंबऱ्यावरूनच तरंगू लागे. धंद्यात त्यांचे एकच व्रत होते: गिऱ्हाइकाचे पंख अंगावर चढवायचे नाहीत. कारण पंखांना सवय लागते. ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी नेत राहिले, तर पुढे ती वेळ झाली की ते आपणहून तिकडे वळतात. मालकाने दटावले तर ऐकतात, परक्याला मात्र दाद देत नाहीत. त्यामुळे दुसऱ्याचे पंख घालणे म्हणजे न विचारता त्याच्या माजघरात शिरण्यासारखे होते.

सवय काकांच्या पंखांनाही लागलेली होती, आणि त्यांच्या संसाराची सारी शांतता ती उघडकीस न येण्यावर अवलंबून होती.

झाले होते असे. काही वर्षांपूर्वी काका कौलांवरून घसरून पडले. वैद्यबुवांनी नाडी पाहिली, पंख उलटेपालटे करून पाहिले आणि निदान केले, की मिठाने पंख जड झाले आहेत. त्या दिवसापासून काकूंनी घरातले मीठ हद्दपार केले. त्यांचा अळंब्यांचा रस्सा आता रंगाने लालबुंद आणि चवीने पावसाच्या पाण्यासारखा असे. काका "छान झालाय" म्हणून अर्धी वाटी संपवत, आणि मग भर दुपारी "पंख पोहोचवून येतो" असे सांगून टेकडीवरच्या खानावळीत जाऊन पोटभर जेवत.

ही खानावळ होती काकूंच्या धाकट्या बहिणीची, आणि काकू बहिणीशी बोलत नव्हत्या. एका लग्नात धाकटी चारचौघांत म्हणाली होती, "आमच्या ताईचा रस्सा दिसतो मात्र फार देखणा." ती एवढेच बोलली होती, उरलेले काकूंना न बोलताच ऐकू आले. तेव्हापासून त्या टेकडीकडे तोंड करून केसही विंचरत नसत. नवऱ्याने घरचे टाकून बाहेर जेवणे हा एक गुन्हा, त्याच बहिणीकडे जेवणे हा दुसरा, आणि दोन्ही एकदम उघडकीस आले तर काय होईल याचा विचार काका इस्त्री हातात असताना कधीही करत नसत.

एके दिवशी ते न्यायाधीशबाईंच्या पंखावरची एक हट्टी चुणी काढत होते. खोली वाफेने भरली होती. काकू दारात आल्या.

"अहो, माझे पंख दोरीवर ओलेच आहेत. तुमचे घालून बाजारात जाऊन येते."

"हं," काका म्हणाले.

चुणी निघाली आणि मग काकूंचे वाक्य त्यांच्या डोक्यात शिरले. त्यांनी खुंटीकडे पाहिले. खुंटी रिकामी होती. त्यांनी बाहेर पाहिले. ऊन डोक्यावर आले होते.

बाजार खाली नदीकाठी होता. काकू टेकडीच्या दिशेने निघाल्या होत्या, आणि बिचाऱ्या हातातली पिशवी बाजाराकडे ताणून धरत होत्या.

"यांना झालंय तरी काय?" वरून आवाज आला. "वळतच नाहीत मेले."

"डावा खांदा दाब," खिडकीतून काका म्हणाले.

"दाबतेच आहे. तुमच्यावरच गेलेत. ऐकतील तर शपथ."

काकू दिसेनाशा झाल्या. काकांनी जन्मभराच्या व्रतावर पाणी सोडले आणि न्यायाधीशबाईंचे गरम पंख तसेच खांद्याला बांधले. ते भलतीकडे गेलेच तर हाताशी असावेत म्हणून धुवायला आलेले वैद्यबुवांचेही काखेत घेतले. वैद्यबुवांचे रोगी टेकडीभर विखुरलेले. त्यांच्या पंखांना तो रस्ता ठाऊक असणारच, असा त्यांचा हिशेब होता.

न्यायाधीशबाईंना हसताना गावात कुणी पाहिले नव्हते. त्यांच्या पंखांनी काकांना उचलले, न्यायालयावरून नेले आणि बागेतल्या उंच घसरगुंडीच्या टोकावर अलगद बसवले. काही समजायच्या आत काका खाली आले. पंखांनी त्यांना पुन्हा वर नेले. दुसऱ्यांदा खाली येताना त्यांनी बंद सोडले आणि वाळूत बसकण मारली.

"आज बाईंच्या बदली तुम्ही का?" बागेच्या रखवालदाराने अदबीने विचारले. "त्यांची तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे," काका म्हणाले, आणि न्यायाधीशबाईंचे पंख घडी करून, मान खाली घालून त्यांनी वैद्यबुवांचे पंख बांधले.

हे पंख एकाही रोग्याच्या दारात थांबले नाहीत. ते सरळ टेकडीच्या माथ्यावर गेले, वळसा घालून मागच्या बाजूला आले, आणि खानावळीच्या खिडकीतून आत शिरून खांबाआडच्या एका खुर्चीत त्यांनी काकांना बसवले. चुलीपाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या धाकटीने मागे न बघताच एक वाटी सरकवली.

"घ्या, वैद्यबुवा. मिठाचं भांडं खांबामागे ठेवलंय. दारातून कुणाला दिसायचं नाही."

शेजारच्या टेबलावर, काकांच्या नेहमीच्या खुर्चीत, काकू बसल्या होत्या. समोर अर्धी रिकामी वाटी होती.

"या," काकू म्हणाल्या. "मघाशी मला 'भाऊजी' म्हणून वाढलं. आता तुम्ही वैद्यबुवा झालात."

धाकटी वळली. तिच्या हातातल्या पळीतून रस्सा ठिबकत राहिला.

"किती वर्षं चाललंय?" काकूंनी विचारले.

"रोज नाही गं," काका म्हणाले.

"रोज," धाकटी म्हणाली. "सुट्टीच्या दिवशी दोनदा."

"तू मध्ये बोलू नकोस." लग्नातल्या त्या दिवसानंतर काकूंनी बहिणीशी बोललेले हे पहिले वाक्य होते.

"बरं, ताई," धाकटी म्हणाली आणि मुकाट्याने स्टूल ओढून बसली. तिचे डोळे भरून आले होते, पण चूल जवळ असल्यामुळे धुराचे निमित्त होते.

काकूंची नजर नवऱ्याच्या खांद्यांवर गेली. "हे पंख वैद्यबुवांचे ना? नवरे घरचं सोडून बाहेर मीठ खातात, हे मी समजू शकते. पण मीठ तोडायला सांगणारा वैद्यच?"

"सरळ इथेच आले," काका म्हणाले. "मी काही केलं नाही."

काकूंनी खांबामागून मिठाचे भांडे काढले आणि मांडीवर ठेवले. काका जे ऐकायची तयारी करून बसले होते, त्यातले काहीच त्या बोलल्या नाहीत.

"इतकी वर्षं मीही अळणीच खाल्लं," त्या म्हणाल्या. "एकाच भांड्यातलं. ते कधी ध्यानात आलं तुमच्या?"

आले नव्हते. समोरच्या ताटातही तोच रस्सा असतो, ही गोष्ट काकांना आता, बाहेरच्या खुर्चीत बसून कळत होती.

"तुला आवडत नव्हतं?"

"कुणाला आवडेल ते?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही छान म्हणायचात. वाटायचं, निदान यांना तरी आवडतंय."

काकांनी आपली वाटी उचलून काकूंच्या पुढ्यात ठेवली. काकूंनी ती ठेवून घेतली.

"ताई, गरम वाढू का त्यात?" धाकटीने विचारले.

"वाढ. तुझा रस्सा दिसायला काही नाही, पण खाववतो."

धाकटी खुदकन हसली. काका हसावे की नाही या विवंचनेत होते, तेवढ्यात दाराशी धापा टाकण्याचा आवाज आला. पंख धुवायला टाकलेले असल्यामुळे सारी टेकडी पायी चढून वैद्यबुवा जेवायला आले होते. आत पाऊल टाकताच त्यांना काकू दिसल्या, आणि काकूंच्या मांडीवरचे भांडे दिसले.

काकूंनी शेजारची खुर्ची ओढून दिली.

"बसा, वैद्यबुवा. रस्सा तयार आहे. मीठ मी घालते."

काका न सांगता उठले आणि पाण्याचे भांडे भरून आणायला गेले.