आईच्या आवाजाचं फोल्डर

या सदरातले अनुभव मी आजवर हसण्यासाठी वाचायचो. आज स्वतःच लिहायला बसलोय... हसा खुशाल.

मी बुऱ्हाणपूरला शनवाऱ्याजवळ राहतो आणि घरूनच केळीच्या व्यापाऱ्यांची कॉम्प्युटरची कामं करतो. लिनक्सवर छोट्या स्क्रिप्ट लिहिणं हे रोजचंच. मशीन चुकत नाही, माणूस चुकतो — हे माझं ठरलेलं वाक्य. गिऱ्हाइकं वैतागतात त्याला.

आई जाऊन वर्ष होत आलं होतं. तिने माहेराहून, फोपनारहून, बाबांना पाठवलेले व्हॉइस मेसेज तेवढे माझ्या डेस्कटॉपवर उरले होते. 'दूध तापवलं का', 'गॅस बंद करजा' — असलेच. बाबा रोज सकाळी ते ऐकतात. दोघांचेही जुने फोन केव्हाच बिघडले, आणि दुसरी कॉपी नव्हती. जगाला बॅकअप घ्या म्हणून सांगणारा मी... लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

त्या दुपारी बाबा महिनाभरासाठी माझ्या बहिणीकडे नेपानगरला निघाले होते. बॅग घेऊन दारातच उभे. म्हणाले, "पेन ड्राइव्हमदी तुही माय टाकून दे रे भाऊ. तिच्याबिगर करमत नाही."

मी घाईघाईत स्क्रिप्ट लिहिली. आधी आवाजातली खरखर काढायची, त्या कामात तयार झालेले तुकडे पुसायचे, मग कॉपी करायची. पुसण्याच्या ओळी दोनच — cd, म्हणजे 'कच्चे तुकडे' या फोल्डरमध्ये जा. आणि rm, म्हणजे तिथलं सगळं पुसून टाक. एंटर दाबलं.

फोल्डरच्या नावात मधे जागा होती आणि मी अवतरणचिन्हं घातली नव्हती. नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतो ती चूक! कॉम्प्युटरला ती दोन नावं वाटली, त्यामुळे तो आत गेलाच नाही, आईच्याच फोल्डरमध्ये राहिला. पहिली ओळ फसली तरी स्क्रिप्ट पुढे जाते. पुढची ओळ होती पुसण्याची, आणि rm विचारत बसत नाही. पापणी लवायच्या आत सगळं साफ होऊन जातं.

पण स्क्रिप्ट थांबली होती.

वर cd ची तक्रार, खाली नुसता कर्सर लुकलुकत होता. एरवी ती तक्रार मी वाचलीसुद्धा नसती. थांबली म्हणून वाचली, आणि काय होणार होतं ते कळलं. कंट्रोल-सी दाबून तोडली. फोल्डर उघडलं तर एकेक मेसेज जागेवर होता.

नंतर तीच स्क्रिप्ट खोट्या फाइलींवर कितीदा तरी चालवली. प्रत्येक वेळी क्षणात सगळं पुसलं गेलं. लॉग पाहिले, डिस्क तपासली, काही नाही. इंदूरचा मित्र म्हणाला, "डिस्क झोपली असेल." पण क्षणापूर्वीपर्यंत त्याच डिस्कवर खरखर काढायचं काम चाललं होतं.

बाबांना मात्र मी त्याच दुपारी सांगितलं. सांगताना रडूच आलं मला. त्यांनी बॅग खाली ठेवली आणि खुर्चीवर बसले.

"तिनंच थांबवलं असंन," म्हणाले. "मले तरी कधी सरळ जाऊ दिलं का? मिलच्या ड्यूटीले निघालो आन् कोनी 'कुठी चालले' म्हनून टोकलं, का ही पानी घेऊन हजर. म्हने, जरा टेका, घोटभर प्या, मंग जा."

मग दाराकडे बघत म्हणाले,

"ती दवाखान्यात निघाली तवा गाडी दारात उभी होती. मी म्हनलं, चल चल, लेट होऊन राह्यला. तिले टेक म्हनायचं राहूनच गेलं रे..."

मी पाणी आणून दिलं. ते सावकाश, सगळं प्यायले.

स्क्रिप्ट का थांबली, हे मला आजही सांगता येत नाही. बाबांनी ते मला एकदाही विचारलेलं नाही.