सकाळची प्रत

झेरॉक्सचा गरम कागद हातात आला, की मी तो अजूनही लगेच खाली ठेवतो. तेव्हा मी पनवेलमध्ये एका न्यूज वेबसाइटवर होतो. जवळच्या विचुंबे गावात बांधकामावरून पडून एक मजूर गेला. ‘इमारतीला सुरक्षा जाळी नव्हती’, हे सकाळी बातमीत मीच लिहिलं. दुपारी बिल्डरचा फोन आला आणि संपादकांच्या सांगण्यावरून ते वाक्य काढलंही मीच. खाली बदलाची नोंद नाही, वेळसुद्धा सकाळचीच. दोन दिवसांनी त्या मजुराची बायको ऑफिसात आली. त्या सकाळी कुणीतरी काढून दिलेल्या बातमीच्या प्रिंटची झेरॉक्स तिच्या हातात होती, अजून गरम. “ठेकेदार बोलतो, माज्या नवऱ्याचीच चूक. सकाली वाचून दाखवली तवा जाली नव्हती असा लिवला व्हता, आता मोबाइलमदे नाय. तुमी यावर सही द्या, सकाली ह्याच व्हता म्हणून.” पेन नाही, म्हणालो. ते माझ्या खिशालाच होतं आणि ती त्याच्याकडेच बघत होती. तिने कागदाची घडी घातली आणि गेली. आता कुठलीही बातमी दिसली की मी आधी तिचा स्क्रीनशॉट काढतो, दुपारी ताडून बघतो, संध्याकाळी परत. कशासाठी, ते बायकोलाही सांगता येत नाही. पेन मात्र खिशाला लावायचं सोडलंय.