शिरीषच्या घरचं सोवळं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला मी बहुतेक सगळं सांगतो, कारण ती तसंही ओळखतेच. हे मात्र तिनं ओळखलं नाही. की ओळखून गप्प राहिली? विचारायची हिंमत मला झालेली नाही.

आधी शिरीषबद्दल सांगतो. मुद्द्याला बगल देतोय हे तुमच्या लक्षात येईल — येऊ दे. शिरीष आणि मी पुण्याहून एकाच सुमारास दुबईत आलो, करामा भागात एका खोलीत राहिलो. मी पुस्तकं वाचायचो, तो माझ्या वाटणीची भांडी घासायचा. पुढे त्यानं केटरिंग सुरू केलं. आज त्याचा शारजात व्हिला आहे. मी अजून करामातच आहे, रोज जबल अलीच्या बंदरावर जाऊन दुसऱ्यांचे कंटेनर हलवतो. हे सगळं मी सहन केलं होतं. श्रीमंत मित्राला मनातल्या मनात हसायची सोय असली की बरंच सहन होतं. त्याच्या पाच दिवसांच्या गणपतीला तर मी दर वर्षी पोटभर हसायचो. फुलांचा महाल, स्पीकरवर ढोलताशे, सुटाबुटातले बँकवाले हात जोडून रांगेत, आणि एवढा थाट झाल्यावर विसर्जन मागच्या अंगणातल्या प्लास्टिकच्या टबात. हसायचो, आणि मोदक मात्र सगळ्यांपेक्षा जास्त खाऊन यायचो.

पण मुलगा? निदान मुलाच्या बाबतीत तरी बरोबरी असावी, असं वाटणं चूक आहे का?

आमचा नील आणि त्याचा अनिकेत एकाच कॉलेजात. तिथे फ्लॅग फुटबॉलची टीम होती — अमेरिकन फुटबॉलचाच प्रकार, फक्त कुणी कुणाला पाडायचं नाही, कमरेची पट्टी ओढायची. त्यात क्वार्टरबॅक म्हणजे राजा. बॉल त्याच्या हातात येतो, कुणाकडे फेकायचा ते तो ठरवतो. जुना क्वार्टरबॅक शिकून बाहेर पडला होता आणि त्या एका जागेसाठी आमची दोन पोरं उभी होती.

ऑगस्टमध्ये सूर्य बुडाल्यावर सराव चालायचा. तरी हवा अशी, की चष्मा पुसून पुसून रुमाल भिजायचा. नील उन्हाळाभर घाम गाळत होता. त्याचा प्रत्येक थ्रो बरोबर असायचा, आणि प्रत्येक थ्रोमागचे कष्ट दिसायचे. अनिकेत उशिरा यायचा, बुटाची नाडी बांधताना कुणाशी तरी हसायचा, मग मनगट जरा झटकायचा — आणि बॉल थेट धावणाऱ्याच्या छातीशी. शेजारी उभा शिरीष म्हणायचा, "हबीबी, तुझं पोरगं बघ किती मेहनत घेतं! आमचं नुसतं हसतंय." तो हे मनापासून म्हणायचा. म्हणूनच मला तो अशा वेळी सहन व्हायचा नाही.

आता मुद्दा. कॉलेजच्या वेबसाइटवर दर वर्षी टीमचा लेख यायचा — यंदा कोण, कसं, काय अपेक्षा. पालकांमध्ये माझं इंग्रजी बरं म्हणून ते काम माझ्याकडे होतं. त्यासाठी कोचला भेटलो. कोच अमेरिकेचा, भला माणूस, इथे येऊन सगळ्यांच्या धर्माला जपण्याचा धसका घेतलेला. मला म्हणाला, "छापू नका एवढ्यात, पण मी अनिकेतला घेतोय." मग जरा चाचरत त्यानं विचारलं, की पहिली मॅच त्यांच्या घरच्या सणात येते म्हणे, काही अडचण नाही ना?

काहीच अडचण नव्हती. अनिकेत दर वर्षी आरतीच्या मधूनच बाहेर सटकायचा.

मी चेहरा गंभीर केला. सांगितलं, अडचण आहे. घरचा थोरला मुलगा ते पाच दिवस सोवळ्यात असतो, उंबरा ओलांडत नाही. आणि वर म्हणालो — हे मला अजूनही शब्दन् शब्द आठवतं — की त्याला विचारू नका. तुमच्यासाठी तो हो म्हणेल, पण घरात फार दुखावतील. ज्या थाटाला मी जन्मभर हसलो, त्याच्याच आड लपलो. कोचनं छातीवर हात ठेवला. "आय टोटली रिस्पेक्ट दॅट."

नील क्वार्टरबॅक झाला. लेखात मी अनिकेतच्या खिलाडूवृत्तीवर एक छान परिच्छेद लिहिला. लोकांना आवडला.

मॅचच्या दिवशी अनिकेत आला, कपाळावर ओलं कुंकू. कोचला भरून आलं. त्याचे खांदे धरून म्हणाला, आज इथे येण्यासाठी तू काय सोडलं असशील ते मला माहीत आहे. अनिकेत गोंधळून म्हणाला, "इट्स ओके कोच, ट्रॅफिक नव्हता." मी शेजारीच उभा होतो. तेव्हा तोंड उघडलं असतं तर? नाही उघडलं. अनिकेत बाहेर बसला, आपण जिंकलो — "आपण" म्हणालो बघा — आणि जिंकलेली टीम कोच कशाला बदलेल?

पुढच्या सेमिस्टरला अनिकेतनं टीम सोडली. शिरीष मला म्हणाला, "बरं झालं रे, स्वतःला फार समजायला लागला होता. नीलच्या मेहनतीचं चीज झालं." वर पेढे घेऊन घरी आला.

यंदाही त्याच्या गणपतीला गेलो. अनिकेत आता बापाच्याच धंद्यात आहे, पंगतीत वाढत होता. पूर्वीसारखा सगळ्यांशी हसत नव्हता. की मलाच तसं वाटलं? माझ्यापाशी वाकून हळूच म्हणाला, "अंकल, एक विचारू? तुम्ही तेव्हा कोचशी बोलायचात. व्हॉट वॉज राँग विथ मी? त्यांनी कधीच सांगितलं नाही."

शिरीष पलीकडे कुणाला तरी आग्रह करत होता. नील माझ्या शेजारी बसला होता. हातातला घास तसाच धरून तोही माझ्याकडे बघत होता.

"अरे, कोचची मर्जी," मी म्हणालो. "नीलची मेहनत दिसली असेल त्यांना."

नीलनं मान खाली घातली आणि जेवू लागला. अनिकेतही "हो, ती होतीच" म्हणाला आणि माझ्या पानात मोदक ठेवला.

"तूप वाढू, अंकल?"

"वाढ," मी म्हणालो.