कुरेनेचा माणूस

२००८च्या मंदीत आखातातल्या आमच्या बायबल अभ्यासाच्या गटातल्या दोघांच्या नोकऱ्या गेल्या. आधी एका इंग्रज गृहस्थाची. आम्ही सगळ्यांनी पाळीपाळीने त्यांच्या घरी जेवण पोचवलं आणि देव इथेच मार्ग काढो अशी प्रार्थना केली. मीही पुलाव नेला होता. मग जबल अलीच्या गोदामातली माझ्या नवऱ्याची सुपरवायझरची नोकरी गेली. ज्यांच्या व्हिलात आम्ही जमायचो त्या गोऱ्या बाईंनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, "कदाचित देव तुम्हाला घरी बोलावतोय."

घरी म्हणजे नगरला. आमची मुलगी तर शारजात जन्मलेली. त्यांना मार्ग इथे, आम्हाला विमान. मी आमेन म्हणून उठले.

गुड फ्रायडेला प्रत्येकाने आपापल्या भाषेत काही वाचायचं होतं. येशूचा क्रूस वाहायला शिपायांनी वाटेत पकडलेला, आफ्रिकेतल्या कुरेनेचा तो माणूस, त्याच्यावर मी कविता लिहिली.

एवढ्या गर्दीत
तुझ्यावरच कसा हात पडला, दादा?
त्यांनी आधी तुझा रंग पाहिला,
मग खांदा.

"किती गोड भाषा!" बाई म्हणाल्या. "अर्थ सांग ना."

मी सांगितला. एक वयस्कर गोरे गृहस्थ म्हणाले, "रंगाबद्दल बायबलमध्ये काही लिहिलेलं नाही."

"नाहीच," मी म्हटलं. "पकडलं एवढंच लिहिलंय. त्याच्या घरी कुणी जेवण पोचवल्याचंही लिहिलेलं नाही."

माझा आवाज फाटला होता. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी डोळे मिटून माझ्यासाठी प्रार्थना केली, माझ्या मनातला कडवटपणा जावा म्हणून.

त्यानंतर त्यांच्यापैकी कुणाचा फोन आला नाही. सिलिकॉन ओएसिसच्या ऑफिसातली माझी नोकरी टिकली, पण तेवढ्यावर शारजातल्या अल मजाजचा आमचा फ्लॅट परवडेना. नवरा मुलीला घेऊन नगरला गेला. एअरपोर्टवर तिने विचारलं, "मम्मा, व्हेन आर यू कमिंग?"

"इन्शाल्ला, लवकर," मी म्हणाले. खरं तर मला काहीच माहीत नव्हतं.

चार बायकांच्या भाड्याच्या खोलीत मी 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रभूची प्रार्थना सुरू करायची आणि 'आमच्या' या शब्दापाशीच अडकायची. पुढचं सगळं पाठ होतं, लहानपणापासून. तोंडातून येत नव्हतं.