रेझिलिअंट : अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा

"स्टँड अप," मॅडम म्हणाल्या. मी उभी राहिले.

त्यांच्या मुठीत स्पंजचा पिवळा चेंडू होता. तो त्यांनी दाबला. सोडला. चेंडू फुगून पुन्हा गोल. मग माझ्याकडे बोट दाखवलं.

"देखो बच्चो, दिस इज रेझिलिअंट. इसके पापा का हाथ मशीन में आ गया, फिर भी ये लड़की रोज स्माइल करके स्कूल आती है."

सगळा वर्ग वळून बघत होता. मी हसत नव्हते. कुणी बघायला लागलं की लाजेनं माझे ओठ ताणले जातात, एवढंच. मागून कुणीतरी पुटपुटलं, "ए स्पंज." त्या दिवसापासून तेच माझं नाव.

मी दहावीत होते. पप्पा हथखोजच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर होते. हात आत जाऊ नये म्हणून प्रेसपुढे असलेली जाळी मालकानं काढायला लावली होती. जाळी असली की हात सावकाश चालतो, काम कमी निघतं. उजव्या हाताची तीन बोटं गेली. मग पप्पांना तिथेच झाडू मारायला ठेवलं. तोच मालक आमच्या शाळेच्या समितीचा अध्यक्ष. गॅदरिंगचा पाहुणाही तोच.

मॅडमनी मला भाषण लिहून दिलं. 'माय रेझिलिअंट फादर'. पप्पांनी स्टेजवर यायचं, मालकानं त्यांच्या खांद्यावर शाल घालायची.

घरी पप्पांना अर्थ सांगितला. दाबलं तरी पुन्हा पहिल्यासारखं होणारं. त्यांनी उजवा हात खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली सरकवला.

"मी कुठी झालो पहिल्यासारखा?" हसले. मग हळूच म्हणाले, "पण बोलून टाक, बेटा. शेठ खुश राह्यला तं झाडू तरी हातात राहीन."

किळस आली. त्या शब्दाची. त्या शालीची. आणि माझ्या स्वच्छ इंग्रजी उच्चारांची, जे या कामासाठीच घासूनपुसून ठेवल्यासारखे वाटले.

रंगीत तालमीला मालक स्वतः आला. पुढच्या खुर्चीत बसून काजू खात होता. मी माईकसमोर. पडद्याआडून मॅडम: "स्माइल, बेटा."

मी कागदाची घडी घातली.

"सर, पापा की उँगलियाँ वापस नहीं आईं. जाली आपने निकलवाई थी. ये शब्द उन पर मत लगाइए."

त्याचं चावणं थांबलं. मॅडमनी दंडाला धरून मला खाली ओढलं. "इतनी निगेटिव्ह क्यों हो? तारीफ ही तो कर रहे थे!"

दुसऱ्या दिवशी पप्पांना कारखान्याच्या गेटवरूनच परत पाठवलं. घरी येऊन त्यांनी एवढंच विचारलं, "कावून बोलली तू?" आजही तो विषय निघाला की ते उठून जातात. मी त्यांना दोष देत नाही. पण मला पश्चात्तापही नाही.

आता मी शहरातल्या सेक्टर सहामध्ये मुलींना इंग्रजी शिकवते. हा शब्द आला की त्या पटापट वाक्यं करतात. आमची कामवाली रेझिलिअंट आहे. मजूर रेझिलिअंट असतात. मी ती वाक्यं खोडते. आधी दुसरं वाक्य लिहा, म्हणते. दाबलं कुणी, ते त्यात आलं पाहिजे.

ते लिहिल्याशिवाय हा शब्द माझ्या वर्गात कुठल्याही माणसाला लागणार नाही.