वेंगुर्ल्याला आलेलं पत्र

मी तरुणपणी गलबतावर दीड मोसम काढला, हे कळलं की लोक खुर्ची पुढे ओढून बसतात. वादळाचं सांगा, म्हणतात. शिडाच्या जहाजावर काय मजा असेल, म्हणतात. रत्नागिरीच्या मांडवीवर भेळ खाताना समुद्र छानच दिसतो, त्यांचा काय दोष? मी त्यांना मंगलोरी कौलांबद्दल सांगतो. हजारो कौलं हातोहात चढवायची नि उतरवायची, बोटांची सालटी निघायची, आणि जेवायला चार चार दिवस भात आणि सुकट. ऐकणारे कंटाळून उठतात. वादळ माझ्या वाट्याला एकही आलं नाही. जे झालं ते वारा पडल्यामुळे झालं, आणि त्याहून जास्त माझ्यामुळे.

गलबताचा तांडेल माझा सख्खा मामा. त्याच्या हुकमाशिवाय शीड हलत नसे. किनाऱ्यालगतचा एकेक खडक त्याला ठाऊक होता, पण अक्षराशी वाकडं. मी मॅट्रिक होऊन घरात बसलो होतो, वीस वर्षांचा घोडा. तेव्हा तो आईला म्हणाला, "दे त्येला माझ्याबरोबर. दोर नाय ओढलान तरी कागद तरी वाचील." तेव्हापासून बंदरात उतरून व्यापाऱ्याच्या पेढीवर जायचं, गलबतावरच्या सगळ्यांची पत्रं आणायची आणि वाचून दाखवायची, हे काम माझं झालं. मला त्याचा भारी तोरा होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण माझ्याकडे बघूनच कुणीतरी केली असावी.

खलाशांचा एक रिवाज होता. कुणाच्या घरी माणूस गेल्याचं पत्र आलं, तर ते भरल्या गलबतावर चढवायचं नाही. वाचणाऱ्याने ते किनाऱ्यावरच फाडून पाण्यात टाकायचं, तोंड मिटून गलबतावर यायचं, आणि माल उतरला की मग सांगायचं. ज्याचं चित्त घरी गेलं त्याच्या हातात सुकाणू द्यायचं नाही, एवढा साधा हिशेब. गेलेला माणूस काही परत येत नाही. बाकीचे सहा तरी घरी पोचावेत.

त्या वर्षी माघ संपत आला होता. आम्ही मंगळुराहून कौलं भरून वर येत होतो. वेंगुर्ल्याला पाणी भरायला थांबलो आणि मी पेढीवर गेलो. मामाच्या नावाचं एकच कार्ड होतं. त्याची एकुलती मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाल्याचं मागच्याच बंदरात मी त्याला वाचून दाखवलं होतं. हे कार्ड तिनेच लिहिलेलं होतं, पेन्सिलीने. तीर्थरूप बाबांस. बाळ बरं आहे. मला आठ दिवस ताप आहे, उतरत नाही. तुम्हाला बघावंसं वाटतं. एसटीने या, गलबताने येऊ नका.

एसटी स्टँड पेढीपासून हाकेच्या अंतरावर होता. सकाळच्या गाडीने निघालेला माणूस रात्री रत्नागिरीला, आमच्या गावाजवळ पोचला असता.

मी ते कार्ड फाडलं आणि धक्क्याच्या पायऱ्यांवरून पाण्यात टाकलं.

का, ते सांगतो. त्या दिवशी मी स्वतःला सांगितलं की मी रिवाज पाळतोय. पण रिवाज मेलेल्या माणसासाठी होता, आणि ती जिवंत होती. खरं कारण शिमगा. मामा गाडीने गेला असता तर दुसरा तांडेल मिळेपर्यंत गलबत वेंगुर्ल्याला अडकलं असतं आणि शिमग्याला मी घरी नसतो. आमच्याकडे त्या दिवसांत मुंबईचा चाकरमानी नोकरीवर लाथ मारून येतो. दारोदार येणारी देवाची पालखी मला खांद्यावर नाचवायची होती. ताप काय, उतरेल. वारा चांगला आहे, दोन दिवसांत पोचूच. असं सगळं मी पायऱ्यांवर उभा राहून ठरवलं, आणि मला ते पटलंही.

"पत्र आला काय रे?" मामाने विचारलं.

"नाय आला," मी म्हणालो.

पहिला दिवस बरा गेला. मग पहाटे जमिनीवरून येणारा वारा पडला. दुपारी जो सुटायचा तो समोरून, उत्तरेचा. देवगडच्या आडोशाला नांगर टाकून आम्ही दोन दिवस नुसते बसलो. मामाने वेंगुर्ल्याच्या बाजारातून नातीसाठी लाकडी खुळखुळा घेतला होता. बसल्या बसल्या तो वाजवायचा आणि म्हणायचा, "बापाशीवर गेली तर काळी होयल मेली." सगळे हसत. मीही हसलो. अजूनही सांगता आलं असतं. देवगडहूनही गाडी होती. आता सांगितलं तर आधी का लपवलं ते सांगावं लागेल, म्हणून नाही सांगितलं. या एका गोष्टीची मला वेंगुर्ल्यापेक्षाही जास्त लाज वाटते.

पाचव्या दिवशी दुपारी आम्ही खाडीत शिरलो. धक्क्यावर माणसं उभी होती. एरवी लांबूनच हाका सुरू होतात. त्या दिवशी कुणीही हाक मारली नाही. ती आदल्या दिवशी सकाळी गेली होती. सगळं उरकलेलं होतं.

मामी मला जवळ घेऊन रडली. "दोन दिस दाराकडं तोंड करून निजली होती," ती म्हणाली. "गाडी आली काय, गाडी आली काय, येवढाच विचारत होती." मामा अंगणात उभा होता. तो पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, "मला पत्र नाय मिळाला."

सुतकामुळे पालखी मामाच्या अंगणात आली नाही. आमच्या अंगणात आली. मी खांदा दिला नाही, पोट दुखतंय म्हणून आत पडून राहिलो.

कदाचित मी आयुष्यभर गप्प बसलो असतो, तेवढा भित्रा मी होतो. पण मामाने गावच्या म्हाताऱ्या पोस्टमनला धरलं. भर बाजारात त्याची गचांडी पकडली. "माझ्या पोरीचा कागद तूच खाल्लान्स," म्हणाला. तो बिचारा हात जोडून पोराबाळांच्या शपथा घेत होता, पेटीतलं पत्र त्याच दिवशी रवाना केलं म्हणून सांगत होता, आणि लोक मामाची बाजू घेऊन त्यालाच दटावत होते. मी ते पाहिलं आणि घरी आलो. संध्याकाळी मामाच्या पडवीत गेलो.

मामा शिडाचं फाटलेलं कापड मांडीवर घेऊन शिवत बसला होता.

"मामा, पत्र आलेला. वेंगुर्ल्याला. मी फाडलाय."

त्याची सुई थांबली. मला वाटलं, आता थोबाडीत बसेल. बसावी म्हणून मी जवळ सरकून बसलो. त्याने मारलं नाही. का फाडलंस, हेही विचारलं नाही.

"काय लिवलेला?"

मी सांगितलं. चारच ओळी, पाठ होत्या. त्याने परत सांगायला लावलं. मी परत सांगितलं. तो ऐकताना मान हलवत होता.

"कोणी लिवून दिलान? मास्तरान?"

"नाय. तिनंच."

"तिच्या हातान?"

"होय. पेन्सिलीनं."

त्याने सुई कापडात खोचून ठेवली. मग म्हणाला, "मला वाचता आला नसता रे. पण बघितला असता."