पुलावरचा लाल ठिपका

अष्टमी गावात नदीवरच्या पुलाच्या तोंडाशी एक सायकलवाला बसतो. पंक्चर काढतानाही त्याची नजर मोबाइलवर, परदेशातल्या सायकल शर्यतीवर असते. एकदा त्याने मला लाल ठिपक्यांच्या शर्टातला गडी दाखवला.

“हा डोंगरांचा राजा हाय.”

“म्हणजे पहिला आला?”

“नाय, जाम मागं हाय. पण घाटमाथ्यावर आधी पोचला, त्याचे गुण भेटतात. मोठा घाट, जास्त गुण. नंतर मागं पडला तरी ते गुण कोण काढून घेत नाय. फक्त शर्यत सोडायची नाय.”

माझ्या डोक्यात काही शिरेना. मग जिंकला कोण?

गेल्या सोमवारी धाटावच्या कारखान्यात शिफ्टला निघालो, तर पुलाचा चढ संपताच चेन तुटली. सायकल ढकलत परत त्याच्याकडे आलो. महिन्यातला तिसरा खाडा. नोकरीच सोडावीशी वाटली. त्याने चेन जोडली आणि मडगार्डवर ब्रशने लाल ठिपका काढला.

“हे कशाला? मी पोचलोच नाही.”

“चढ तर न उतरता मारलात, बघितलं मी. उद्या परत जायचं मात्र.”

मी हरलो की जिंकलो, अजून कळत नाही. दुसऱ्या दिवशी पुलाच्या चढावर दम लागला, उतरावंसं वाटलं, तेव्हा मागे वळून पाहिलं. मोबाइल बाजूला ठेवून तो माझ्याकडे बघत होता. मग उतरता आलं नाही.